डबा पोचला, जेवण झालं का?

आई किंवा वडील जुन्या घरात एकटे आणि मुलं बंगळुरात, दुबईत किंवा न्यू जर्सीत, अशी घरं आता आपल्याला नवी नाहीत. त्या घरांतल्या फोनवरचा पहिला प्रश्न 'जेवलीस का?' हा असतो आणि त्याचं उत्तर 'हो, झालं की मघाशीच' हे असतं. काय जेवली, किती जेवली, भांड्यात किती उरलं, हे त्या उत्तरात नसतं. वृद्धांवर उपचार करणारे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, डबे पुरवणारे, घरोघर स्वयंपाक करणाऱ्या बायका आणि दूरवरची मुलं असे सगळे आज या प्रश्नाशी झटतायत, पण प्रत्येकाला तो वेगळा दिसतो. या लेखात त्या सगळ्यांच्या भूमिका एकत्र मांडायच्या आहेत.

दुराव्याचा जुना आणि नवा हिशेब

मुलगा लांब असणं महाराष्ट्राला नवं नाही. कोकणातल्या चाकरमान्यांनी गिरणगावातून मनीऑर्डरी पाठवल्या आणि गावची घरं त्यावर चालली. पण त्या घरात सून असायची, जावा असायच्या, पोरंबाळं असायची. म्हाताऱ्या माणसासाठी वेगळा स्वयंपाक नव्हताच. घरच्या हंडीतली पेज आणि आमटी त्याच्याही ताटात यायची. चाकरमानी पुढे बायकामुलांना घेऊन मुंबईला राहू लागला तशी ही हंडी छोटी होत गेली. 2001 ते 2011 या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. गावात मागे राहिलेल्यांत वय झालेल्यांचा, त्यातही बायकांचा, भरणा मोठा आहे.

शहरी मध्यमवर्गात हे थोड्या वेगळ्या वाटेनं आलं. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' नाटकानं मुलं दूर गेलेल्या म्हाताऱ्या जोडप्याचा एकाकीपणा रंगभूमीवर आणला, तेव्हा परदेशी गेलेला मुलगा ही अजून थोड्या घरांची गोष्ट होती. माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्या वाढल्यावर ती सदाशिव पेठेपासून डोंबिवलीपर्यंत पसरली. भारतातल्या वयोवृद्धांचा 2017-18 मध्ये जो मोठा राष्ट्रीय अभ्यास झाला (त्याला 'लासी' म्हणतात), त्यात साठीपुढच्या दर शंभरांत सहाच्या आसपास माणसं अगदी एकटी राहत असल्याचं दिसलं. त्यांत बायका बऱ्याच जास्त. टक्केवारी लहान दिसते, पण देशातली साठीपुढची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच दहा कोटींवर होती.

सरकारनं या प्रश्नाकडे पाहिलं ते मुख्यतः अभावाचा प्रश्न म्हणून. 2000 साली आलेल्या अन्नपूर्णा योजनेत पेन्शन न मिळणाऱ्या निराधार वृद्धांना महिन्याला 10 किलो धान्य ठरवलं गेलं. 2007 च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या कायद्यात अन्नाचा उल्लेख निर्वाहाच्या व्याख्येतच आहे, आणि न्यायाधिकरणाला मुलांकडून महिना 10,000 रुपयांपर्यंत रक्कम देववता येते. गरिबीत हे लागतंच. पण ज्या घरांबद्दल आपण बोलतोय तिथे डबे भरलेले असतात, फ्रीज भरलेला असतो, आणि तरी माणूस वाळत जातो. 'लासी'नं साठीपुढच्या सुमारे 27 टक्के लोकांचं वजन कमी आणि 22 टक्क्यांचं जास्त असल्याचं नोंदवलं. म्हणजे कमी खाणं आणि चुकीचं खाणं हे दोन्ही प्रश्न शेजारीशेजारी नांदतात, कधीकधी एकाच घरात.

भूक जाते कुठे?

दूरच्या मुलांना पहिल्यांदा वाटतं की आई आळस करते किंवा हट्ट करते. इथे वैद्यकशास्त्राकडे सांगण्यासारखं बरंच आहे. अमेरिकी वृद्धवैद्यक जॉन मॉर्ले यांनी 1988 मध्ये वाढत्या वयातल्या या भूकमंदीला स्वतंत्र नाव दिलं आणि तिच्याकडे एक शारीरिक घटना म्हणून पाहायला सुरुवात झाली. वास आणि चव बोथट होतात. जठर सावकाश रिकामं होतं, त्यामुळे दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. तहान लागल्याचं कळत नाही. रक्तदाबाच्या, झोपेच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. कवळी सैल झाली की भाकरी आणि काकडी ताटातून आपोआप जातात आणि चहात बुडवलेली बिस्किटं येतात.

सुसान रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1994 चा प्रयोग या संदर्भात पुन्हा पुन्हा सांगितला जातो. तरुण आणि वयस्क पुरुषांना काही आठवडे मुद्दाम कमी खायला दिलं आणि मग मोकळं सोडलं. तरुणांनी भरपूर खाऊन गेलेलं वजन परत मिळवलं. वयस्कांनी मिळवलं नाही, शरीराकडून तशी मागणीच आली नाही. एका तापानं, एका मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनं किंवा स्वयंपाकाच्या मावशी पंधरा दिवस गावी गेल्यानं आईचं जे वजन उतरतं ते पुढे का चढत नाही, याचा उलगडा इथे बराचसा होतो. मला विचाराल तर या सगळ्या चर्चेतला सर्वांत उपयोगी निष्कर्ष हाच आहे आणि मुलांपर्यंत तोच पोचलेला नाही. वृद्धाची भूक 'आपोआप लागेल' यावर भिस्त ठेवता येत नाही.

काय खावं, यावरचे मतभेद

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 मध्ये प्रौढांसाठी प्रथिनांची शिफारस वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम अशी धरली. 2013 मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं पासष्टीपुढच्यांना 1 ते 1.2 ग्रॅम लागतात असं म्हटलं, कारण वय वाढतं तसा स्नायूंना तेवढ्याच प्रथिनांचा लाभ कमी होतो. 50 किलो वजनाच्या आईसाठी पहिला हिशेब 41-42 ग्रॅमचा होतो आणि दुसरा 50 ते 60 ग्रॅमचा. आता तिचं खरं ताट पाहा. सकाळी चहा आणि दोन खारी, दुपारी दोन पोळ्या, भाजी आणि थोडा वरणभात, रात्री दूधभात किंवा दूधपोहे. पोळीतून 3 ग्रॅमच्या आसपास, वाटीभर घट्ट वरणातून 5-6, पेलाभर दुधातून 6-7. सगळं ताटात आलं आणि पोटात गेलं तरी जेमतेम 30 ग्रॅम भरतं. म्हणजे तज्ज्ञांचा वाद 42 की 60 यावर चाललाय आणि ताट दोन्हींच्या खाली आहे. प्रथिनांच्या पावडरींवर मुलांचा विश्वास दांडगा असतो. पोषण संस्थेनं 2024 मध्ये दिलेल्या आहारमार्गदर्शक तत्त्वांचा सूर मात्र अशा पावडरींच्या विरोधात आहे. दही, अंडं, शेंगदाण्याचं कूट, मुगाचं धिरडं, भाजणीचं थालीपीठ यांतून बरीच भर निघते, हे बहुतेक आहारतज्ज्ञांना मान्य आहे. मूत्रपिंड दुबळं असेल तर हा सल्ला उलटतो, आणि तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांबून काही पाठवू नये यावरही एकमत आहे.

खरा वाद पथ्याचा आहे. मधुमेहवाल्यांनी साखर आणि भात काढला, हृदयरोगवाल्यांनी मीठ आणि तूप, कुणी तरी वातूळ म्हणून डाळ. प्रत्येक डॉक्टर आपापल्या परीनं योग्यच सांगतो, पण काढलेल्याच्या जागी काय घालायचं हे सांगायला कुणी उरत नाही. म्हणून वृद्धवैद्यकात गेल्या काही वर्षांत पथ्य सैल करण्याची बाजू बळावली आहे. अमेरिकी मधुमेह संघटनाही बरेच आजार एकदम असलेल्या वृद्धांसाठी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं उद्दिष्ट 8 टक्क्यांच्या आत इतकं सैल ठेवते. साखर खूप उतरून चक्कर येणं आणि पडून खुब्याचं हाड मोडणं याची या बाजूच्या लोकांना जास्त भीती वाटते. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही हलकं नाही. हृदय कमकुवत असलेल्या माणसाला चार दिवस लोणचं-पापड मोकळे दिले तर पाय सुजतात आणि दवाखाना गाठावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत आहे. पण चव बोथट झालेल्या जिभेला जेवणात राम वाटतो तो नेमका लोणच्याच्या फोडीनं.

उपासाचा मुद्दाही आपल्याकडे टाळता येत नाही. एकादशी, चतुर्थी, सोमवार, वर चातुर्मासातलं एकभुक्त. उपास मोडायला सांगणं म्हणजे सत्तर वर्षांचा नेम मोडायला सांगणं, आणि ते क्वचितच जमतं. साखरेच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी घेतले तर साखर धोकादायक उतरते. म्हणून उपासाच्या दिवशीच्या गोळ्या डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्याव्यात, आणि साबुदाण्याबरोबर दही, दाणे, राजगिरा, दूध यांना जागा द्यावी, अशी मधली वाट अनेक डॉक्टर सुचवतात. ती वाट मला शहाणपणाची वाटते.

कोणी रांधावं?

मुंबईचा डबा 1890 पासून घरातून कामाच्या ठिकाणी जातो. वृद्धांचा डबा उलट्या दिशेनं, बाहेरून घरात येतो. आपल्याकडची खानावळीची परंपरा घडली ती कष्टकरी तरुणांच्या पोटासाठी. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांची संघटना म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्या खानावळींतलं जेवण अंगमेहनतीच्या भुकेचं होतं. आजच्या डब्याचं मोठं गिऱ्हाईक विद्यार्थी आणि नोकरदार आहे, त्यामुळे तेल, तिखट आणि पोळ्यांची संख्या त्याच्या मापानं ठरते. कमी तिखटाचे, मऊ पोळीचे 'ज्येष्ठांचे डबे' पुण्यामुंबईत मिळू लागले आहेत. तरी एका डब्यातलं अर्धं दुपारी आणि अर्धं रात्री, ही प्रथा घरोघर आहे. मुलगा दोन वेळचं जेवण पोचलं असं धरतो आणि आई एका वेळचं दोनदा खाते.

डब्याच्या बाजूनं एक भक्कम पुरावा अमेरिकेतून आला. घरपोच जेवणाची चळवळ ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाली, अमेरिकेत 1954 मध्ये फिलाडेल्फियात. ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये प्रतीक्षायादीतल्या सहाशेवर वृद्धांचे गट पाडून तुलना केली. काहींना रोज गरम जेवण घरी दिलं, काहींना आठवड्याचं गोठवलेलं एकदम, आणि काही यादीतच राहिले. रोज डबा येणाऱ्यांची चिंता आणि एकाकीपणा सर्वांत जास्त उतरला. अन्नाइतकंच ते घेऊन येणाऱ्या माणसाचंही काम होतं. गोव्यात सायकलचा भोंगा वाजवत दारात पाव देणारा पोदेर हेच काम कुठलंही नाव न देता करत आलाय. एखाद्या घरातून सकाळी कुणी बाहेर आलं नाही, तर ते त्याच्या ध्यानात येतं.

दुसरी वाट स्वयंपाकाच्या मावशींची. चवीला ही सर्वांत जवळची, कारण चव आईच सांगते. अडचण वेळेची आहे. मावशी तीन-चार घरं करत येतात, पाऊण तासात पोळ्या-भाजी उरकतात, आणि वरण, कोशिंबीर, उसळ या वेळ खाणाऱ्या गोष्टी गळतात. म्हणजे नेमकी प्रथिनांची बाजू गळते. शिवाय त्यांना दोन मालक होतात. पैसे मुलगा मोबाइलवरून पाठवतो आणि 'आईला रोज डाळ करा' असा निरोपही तोच धाडतो. ओट्यापाशी आई उभी असते, तिचं म्हणणं 'एकटीला कशाला एवढं, दोनच पोळ्या कर'. अशा वेळी मावशींनी कुणाचं ऐकावं? त्या आईचंच ऐकतात, आणि तेच बरोबर आहे असं मला वाटतं, कारण घर तिचं आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे. पण मावशींच्या सुट्टीत, आजारपणात जेवणाचं काय, हे प्रत्येक घर आपापलं ठरवतं, आणि बहुतेक घरं ठरवतच नाहीत.

तिसऱ्या वाटेचे पुरस्कर्ते म्हणतात की जमेल तितके दिवस आईनंच रांधावं, आपण तिचं रांधणं सोपं करावं. यात व्यवसायोपचार करणारे लोक पुढे आहेत. भाजी निवडणं, फोडणी देणं, काय करायचं ते ठरवणं यात हालचाल आहे, स्मरण आहे, दिवसाला घडी आहे. ते काढून घेतलं तर दुपार मोकळी होते आणि भूकही जाते, असं त्यांचं निरीक्षण. मदत मग वेगळ्या रूपात येते. पाच लिटरच्या कुकरऐवजी दोन लिटरचा, झाकण हलक्या हातानं बसेल असा. रोजचे डबे कमरेच्या उंचीवर. निवडलेली मेथी, सोललेला लसूण, भिजवलेलं कडधान्य. घरात मेतकूट, भाजणी, नाचणीचं सत्त्व, म्हणजे अंगात त्राण नसलेल्या दिवशीही दहा मिनिटांत काही तरी गरम होतं. गॅस चालू राहतो म्हणून इंडक्शनची शेगडी घेऊन दिली जाते, पण तिच्यावर ॲल्युमिनियमची आणि पितळेची जुनी भांडी चालत नाहीत, आणि हातातलं भांडं गेलं की आई शेगडी वापरणं सोडते. वडील एकटे मागे राहिले असतील तर तिसरी वाट बहुधा बंदच असते. ज्या पिढीच्या पुरुषांना चहापलीकडे काही येत नाही, त्यांना पंचाहत्तरीत कुकर लावायला शिकवण्याचे प्रयोग होतात. काही यशस्वीही होतात, खिचडीपर्यंत तरी.

सोबत

सोबतीनं माणूस जास्त जेवतो हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन डी कास्ट्रो यांनी 1980 च्या दशकापासून नोंदींनी दाखवलं. जपानच्या मोठ्या अभ्यासांनी त्यात एक अनपेक्षित भर घातली. एकट्यानं जेवणाऱ्या वृद्ध पुरुषांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, पण सर्वांत जास्त ते घरात माणसं असूनही एकटे जेवणाऱ्यांत दिसलं. त्यामुळे 'आईला आपल्याकडे आणली की प्रश्न सुटला' हे गृहीतक डळमळतं. मुलगा-सून ऑफिसात आणि नातवंडं शाळेत असतील, तर दुपारचं ताट तिथेही एकटंच असतं.

सोबतीच्या बाजूचे लोक ज्येष्ठ नागरिक संघांकडे बोट दाखवतात. संघ गावोगाव आहेत, पण त्यांत भजन, व्याख्यान, वाढदिवस, सहल होते. आठवड्यातून दोनदा एकत्र जेवण हा कार्यक्रम फारसा नसतो. राज्यात 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीनं 10 रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात देण्याची यंत्रणा उभी करून दाखवली. ती गरजूंसाठी होती आणि पेन्शनवाले आजोबा तिथे रांगेत उभे राहणार नाहीत. त्यांची अडचण पैशांपेक्षा संकोचाची आहे. दूरच्या मुलांनी काढलेला तोडगा म्हणजे व्हिडिओवर एकत्र जेवण. उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे सात असतात. सुनेच्या हातात टोस्ट, आईच्या ताटात मुगाची खिचडी. हे हास्यास्पद वाटेल, पण यात ताट दिसतं, आणि फोनवरच्या 'झालं की'मध्ये ते दिसत नाही.

पाळत आणि मर्जी

इथून पुढे वाद जास्त नाजूक होतो. तंत्रज्ञानाच्या बाजूचे लोक म्हणतात, किराणा मोबाइलवरून दहा मिनिटांत पोचतो, स्वयंपाकघरात कॅमेरा बसवता येतो, फ्रीज उघडल्याची नोंद ठेवता येते. विरोधी बाजूचा प्रश्न साधा आहे: आईनं याला हो म्हटलं का? आयुष्यभर ज्या खोलीची ती मालकीण होती, तिथे आपल्यावर कुणाची नजर आहे हे कळलं की ती जेवण उरकायला लागते किंवा कॅमेऱ्यासमोर ताट वाढून ठेवते. मागवलेल्या किराण्याची यादी हाही फसवा पुरावा आहे. ती विकत घेतलेलं सांगते, खाल्लेलं सांगत नाही.

त्या मानानं वजनकाटा साधा आणि कमी आगाऊ आहे. सहा महिने ते वर्षभरात 5 टक्के वजन उतरलं, म्हणजे 50 किलोची आई साडेसत्तेचाळीसवर आली, तर डॉक्टरांना दाखवायला हवं, असा सर्वसाधारण दंडक आहे. वृद्धांच्या पोषणासाठी जगभर वापरली जाणारी एक छोटी प्रश्नावली आहे, तिचे गुण 14. आठच्या खाली गेले तर कुपोषण, 8 ते 11 मध्ये धोका. वजन-उंची मोजता येत नसेल तिथे पोटरीचा घेर घेतात, 31 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर काळजी. शिंप्याचा टेप कुणाच्याही घरात असतो. दिवाळीला आलेल्या मुलीनं आईची पोटरी मोजली तर आई हसेल, पण मोजू देईल.

अजून न सुटलेलं

पहिला पेच मोजण्याचाच आहे. वजनाची नोंद ठेवायची कुणी? घराजवळच्या डॉक्टरांकडे आई रक्तदाबासाठी दर महिन्याला जाते, पण काट्यावर उभी राहतेच असं नाही, आणि आधीचं वजन कागदावर नसेल तर आजच्या वजनाचा अर्थ लागत नाही. मावशींनी ते करावं असं काही जण सुचवतात. तसं झालं तर ते त्यांचं कामच वाढलं, आणि त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतील.

दुसरा पेच भूकमंदी आणि आजार यांतल्या रेषेचा. नैराश्य, थायरॉइड, कवळी, नवीन गोळी, कर्करोग, विसरभोळेपणाची सुरुवात, या सगळ्यांचं पहिलं लक्षण 'जेवावंसं वाटत नाही' हेच असू शकतं. वर्षानुवर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी माणसात बी-12 कमी पडणं इतकं सवयीचं आहे की त्याची तपासणी आधी व्हावी यावर वाद नाही. बाकी तपासण्या कधी आणि किती, यावर डॉक्टरांत एकवाक्यता नाही. ऐंशीच्या आईला वजन उतरलं म्हणून किती सुया टोचायच्या, हा प्रश्न तिला विचारूनच सोडवावा लागतो.

आणि ती नको म्हणाली तर? एक बाजू म्हणते की शुद्धीत असलेल्या प्रौढ माणसाचा तो हक्क आहे, त्यात मुलांनी पडू नये. दुसरी बाजू सांगते की एकटेपणात आलेला 'नको' हा बऱ्याचदा नैराश्याचा असतो, सोबत मिळाली की तो बदलतो, म्हणून पहिल्याच नकारावर थांबू नये. दोन्ही बाजूंना आपापल्या रुग्णांची उदाहरणं आहेत. कुठल्या घरात कुठली बाजू लागू पडते हे लांबून ओळखण्याची खात्रीची रीत अजून कुणाच्या हाती लागलेली नाही. सध्या तरी ते काम शेजारी, औषधवाला आणि मावशी यांच्या डोळ्यांवर चाललं आहे, आणि त्यांच्यापैकी कुणाचा तरी नंबर मुलांच्या मोबाइलमध्ये असतो की नाही यावर बरंच अवलंबून आहे.